फोटोखाली लिहिलेला पत्ता

लखनऊला येऊन मला अकरा वर्षं झाली. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी तांत्रिक अधिकारी आहे. वाळवून कागदावर चिकटवलेली रोपं सांभाळायची, त्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येक नमुन्याखाली तो नेमका कुठे मिळाला ते लिहायचं, हे माझं काम. गाव कुठलं, रस्त्याची कुठली बाजू, जवळ ओढा की शेत. जागा लिहिलेली नसेल तर नमुना कितीही देखणा असो, आमच्याकडे त्याला किंमत नाही. ही सवय हाडात मुरली होती. सुटीच्या दिवशी काढलेल्या फोटोंनाही मी तीच लावली.

सात वर्षांपूर्वी मी मराठीतून एक फोटोब्लॉग सुरू केला. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन निघायचं, गल्लीबोळांतून हिंडायचं, एखादा फोटो निवडायचा आणि त्याखाली दहा-पंधरा ओळी लिहायच्या. कधी महानगर नावाच्या भागातली आमचीच कॉलनी, कधी शहराबाहेर बख्शी का तालाबकडची भाताची खाचरं आणि त्यांत उभी सारसाची जोडी. वाचणारे कोण? सांगलीची माझी बहीण, कॉलेजातले दोन मित्र आणि नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ. हे गृहस्थ फोटोबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, फक्त माझ्या शुद्धलेखनाच्या चुका कळवायचे.

बायको इथल्याच एका शाळेत शिकवते. एकदा भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "हे सगळं तू नक्की कुणासाठी करतोस?" खोचकपणा नव्हता त्यात. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि उरलेला एक दिवस चार माणसांसाठी घालवायचा. आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. ती मध्येच म्हणाली, "मम्मी, पापा को अच्छा लगता है बस." विषय तिथं संपला, पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या हिवाळ्यात मला रजाई शिवणारी बाई भेटली.

आलमबागेत एक रजायांचं दुकान होतं. ती गल्ली, तो परिसर आणि तिचं मूळ गाव यातलं बरंच मी इथे बदललं आहे. मी दुकानासमोर उभा राहून आईशी फोनवर बोलत होतो. आत म्हातारे मालक कापूस पिंजत होते, सगळीकडे धुरळ्यासारखा कापूस उडत होता आणि त्यात एक बाई खाली बसून टाके घालत होती. मी फोन ठेवला तशी ती म्हणाली, "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

मी चमकलोच. आलमबागेत अशी मराठी! ती जालन्याकडची होती. माझं गाव ऐकून तिला बरं वाटलं असावं, कारण हात न थांबवता ती बोलू लागली. तीन वर्षांपासून इथं आहे, मुलगी जवळच्याच सरकारी शाळेत जाते, "लई शिकते, पर मराठी पार इसरली." रजाईला ती गोधडीचे टाके घालत होती. मालकांना ते टाके आवडत होते, म्हणून इथं काम मिळालं. मी फोटो काढू का विचारलं. ती हसली आणि पदर सावरून बसली. फोटोचं पुढे काय होणार ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फोटो उत्तम आला. दारातून आलेलं ऊन, हवेतला कापूस, सुईवरची तिची नजर. मी मनापासून लिहिलं. लखनऊच्या थंडीला मराठवाड्याचे टाके, असं काहीबाही. आणि सवयीनं पत्ता लिहिला: आलमबाग, बस टर्मिनलच्या कुठल्या बाजूची कितवी गल्ली, नाक्यावर काय आहे. मुलीची शाळा दुकानापासून किती जवळ आहे, तेसुद्धा लिहिलं.

तीन-चार आठवडे काहीच झालं नाही. मग तो मजकूर कुणीतरी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तिथून तो कुठल्या कुठे गेला. अनोळखी लोकांचे अभिप्राय येऊ लागले. पुण्याहून, लातूरहून, एक तर दुबईहून. माझ्याच बहिणीला तिच्या शेजारणीनं तो पाठवला. ऑफिसात मी दर अर्ध्या तासानं फोन उघडून बघत होतो. चार वर्षांत प्रथमच आपण काहीतरी केलं असं वाटत होतं.

एका गुरुवारी जेवणाच्या सुटीत निरोप आला. 'साहेब, फोटोतली बाई माझी बहीण आहे. तीन वर्षं झाली, घरात भांडण होऊन निघून गेली. आई अंथरुणाला खिळली आहे, शेवटची भेट व्हावी म्हणते. पत्ता वाचला, पण तिथं कसं पोचायचं ते कृपा करून सांगा. तुमचे उपकार विसरणार नाही.'

मला अक्षरशः भरून आलं. डबा तसाच ठेवून मी सविस्तर उत्तर लिहिलं. स्टेशनवर उतरल्यावर मेट्रो कुठून घ्यायची, कुठे उतरायचं, दुकान किती वाजता उघडतं. अडचण आली तर असू द्या म्हणून माझा मोबाइल नंबरही दिला. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. दुपारभर मी त्याच तंद्रीत होतो.

संध्याकाळी घरी येऊन मी तिला ते मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. ऐकता ऐकता तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"तू तिला विचारलंस?"

"कुणाला?"

"अरे, त्या बाईला. तिला सापडायचं आहे का, ते?"

मी म्हणालो की आई आजारी आहे, सख्खा भाऊ आहे. माझा आवाज बोलता बोलताच बारीक होत गेला. बायको म्हणाली, "एकटी बाई मुलीला घेऊन इतक्या लांब येते, तीन वर्षं घरी कळवत नाही. भांडण झालं म्हणून? तुला खरंच तसं वाटतं?"

तेवढ्यात फोन वाजला. त्याच माणसाचा निरोप. एकच शब्द होता. 'निघालोय.'

जालन्याकडून लखनऊ म्हणजे गाडीनं एक दिवसाच्या वरचा प्रवास. म्हणजे आपल्याकडे उद्या रात्रीपर्यंत वेळ आहे, मी हिशेब करत होतो. पण तो निघाला तो कुठून? गावाहूनच कशावरून? कदाचित झाशीला असेल. कदाचित कानपूरला.

मुलीला शेजारच्या आंटींकडे सोडून आम्ही दोघं तडक मेट्रोनं आलमबागला गेलो. डब्यात समोर बसलेला प्रत्येक पुरुष मी निरखत होतो. ज्याला कधी पाहिलंच नव्हतं, तो मला चारदा दिसला.

पावणेआठ वाजले होते. दुकान उघडं होतं. मालक चचा मला ओळखून म्हणाले, "आइए, फोटो वाले भैया." ती आत रजायांच्या घड्या घालत होती. बायकोला बघून तिनं नमस्कार केला. चहा मागवते म्हणाली.

मी काही सांगायच्या आधी बायको तिच्याजवळ जाऊन खाली बसली. "ताई, यांनी तुमचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. तो पाहून एकानं निरोप पाठवलाय. तुमचा भाऊ आहे म्हणतो." आणि तिनं निरोप सावकाश वाचून दाखवला.

बाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे त्यानं सोता लिवलंय?"

"हो."

"माझ्या भावाला लिवता येत नाही, दादा."

चचांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनीही हातातलं काम थांबवलं होतं.

"तुम्ही काय काय सांगितलं त्याला?"

मी सांगितलं. गल्ली, दुकान, वेळ.

"आन् पोरीचं?"

मला मान वर करता येईना. "शाळा जवळ आहे, असं लिहिलंय."

ती ओरडली नाही, रडली नाही. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती उठली, दारातून गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून आली आणि चपला पायात घालू लागली. तिची खोली मागच्याच बोळात होती, मुलगी तिथं एकटी अभ्यास करत बसली होती. बायको तिच्याबरोबर गेली. मी चचांना तोडक्यामोडक्या शब्दांत काय झालं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते विसरणं शक्य नाही. मग शटर अर्धं खाली ओढत ते म्हणाले, "बिटिया को ले जाइए अपने साथ. कोई पूछेगा तो हम कह देंगे, काम छोड़ के चली गई."

त्या मायलेकी एक पिशवी आणि दप्तर घेऊन आमच्या घरी आल्या. रिक्षात ती मुलगी माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं टेकून होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "कल स्कूल जाना है?"

जेवणं झाल्यावर दोन्ही मुली एका पांघरुणात शिरल्या आणि काही वेळानं तिथून हसण्याचा आवाज आला. बाई आणि माझी बायको स्वयंपाकघरात दार लोटून बोलत बसल्या. पाऊण तासानं बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. आत काय ऐकलं ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "निरोप नवऱ्याचा आहे. आणि तो इथं येता कामा नये."

तेव्हा मी ब्लॉग उघडला. तो मजकूर काढून टाकला, पण ज्यांच्या फोनवर गेला होता तिथून कसा काढणार? मग बाकीचे फोटो पाहू लागलो. आमच्या गच्चीवरून काढलेला सूर्यास्त, खाली कॉलनीचं नाव. कोपऱ्यावरचं दुधाचं बूथ. संस्थेचं फाटक, तिथला फुललेला पांगारा आणि 'मी रोज इथून आत जातो' ही ओळ. शाळेच्या गणवेशात पाठमोरी जाणारी माझी मुलगी, दप्तरावर शाळेचं नाव. चार वर्षं मी हौसेनं माझ्या घराचा नकाशा काढून ठेवला होता. कुणालाही फक्त वाचत यायचं होतं.

मी सगळा ब्लॉगच बंद केला. भीती गेली नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. बायको त्या बाईला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या महिला शिपायानं नीट ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला आणि स्वतःचा नंबर दिला. दोन्ही मुली माझ्याजवळ घरात होत्या. दर वेळी दारावरची घंटा वाजली की बाईची मुलगी पलंगाआड जायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं. दुधवाला आला तरी ती जायची, आणि तिला पाहून माझी मुलगीही जाऊ लागली.

शनिवारी सकाळी फोन आला. शांत, अदबशीर आवाज. "साहेब, आलो. दुकानापाशी उभा आहे. ते म्हातारे म्हणतात, ती गेली. कुठे गेली असेल?"

"मला माहीत नाही. मी फक्त फोटो काढला होता."

"बरं. तुम्ही कुठे राहता? भेटून आभार मानले असते."

मी फोन ठेवला. खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. रविवारी आम्ही कुणी घराबाहेर पडलो नाही.

सोमवारी मी कामावर गेलो, कारण घरी बसून राहणं आणखी अवघड होतं. अकराच्या सुमाराला फाटकावरच्या गार्डचा फोन आला. "सर, आपसे कोई मिलने आए हैं. महाराष्ट्र से."

जिना उतरताना मी कठडा धरला होता. मला वाटत होतं, कुणीतरी दांडगा, लाल डोळ्यांचा माणूस असेल. फाटकाशी पंचेचाळिशीचा एक साधा गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पातळ स्वेटर, केस नीट विंचरलेले. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला असेच एक सर होते. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"तुम्हीच ना? तुमचं लिखाण मी सगळं वाचलं. फार छान लिहिता."

"तुम्ही तिचे भाऊ नाही," मी म्हणालो.

तो ओशाळला वगैरे नाही. "नाही. मी तिचा मालक. नवरा म्हटलं की लोक उगाच शंका घेतात, म्हणून भाऊ म्हटलं." जणू हे अगदी वाजवी होतं. "माझी बायको, माझी पोरगी. घरी न्यायला आलोय. यात तुम्ही मध्ये पडू नका."

मी म्हणालो, "पोलिसांत अर्ज दिलेला आहे. त्यात तुमचा हा नंबरही आहे."

पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा हलला. त्यानं माझ्या मागच्या इमारतीकडे पाहिलं, पांगाऱ्याकडे पाहिलं. मग तितक्याच मऊ आवाजात म्हणाला, "तुम्हालाही मुलगी आहे ना? फोटोत पाहिली. दोन वेण्या घालते."

त्यानं पुडा गार्डच्या टेबलावर ठेवला, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो, तो वळणावर दिसेनासा झाला तरी. गार्डनं पुडा पुढे केला, "सर, मिठाई." मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितला. मग तिथूनच मुलीच्या शाळेत फोन करून सांगितलं, आईशिवाय कुणाच्याही हाती तिला सोडू नका. महिला शिपायालाही सगळं शब्दशः कळवलं. तिनं त्याला फोन करून ठाण्यात बोलावलं. तो आला नाही. त्या दिवसानंतर शहरात तो कुणाला दिसला नाही.

पुढे दोन आठवडे वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येत राहिले. उचलला की कुणी बोलत नसे. मग तेही थांबले. का थांबले, ते कळलं नाही. मला वाटायचं, त्यानं नाद सोडला. बायको म्हणायची, तसं कशावरून.

बाई आणि तिची मुलगी आमच्याकडे एकवीस दिवस होत्या. तेवढ्यात बायकोच्या ओळखीतल्या हवाई दलातल्या एका मराठी कुटुंबानं तिच्यासाठी राहायची आणि शिवणकामाची सोय पाहिली. लखनऊतच की लखनऊबाहेर, ते मी लिहिणार नाही. मुलीचं नाव नव्या शाळेत घातलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिची माफी मागितली. तोवर धीर झाला नव्हता.

ती म्हणाली, "तुम्ही वाईट कराया गेला नव्हता, ते मला ठावं हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पर आधी इचारायला पायजे होतं." मग तिनं विचारलं, "तो फोटू हाय का? मी बघितलाच न्हाई."

खरंच, लाखभर लोकांच्या फोनवर गेला असेल तो, आणि तिनंच पाहिला नव्हता. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. तिनं तो जवळ धरून बराच वेळ पाहिला. "चांगली दिसाय लागले की," ती म्हणाली. "मला द्या एक. कागदावर. लग्नाच्या फोटोतबी ह्येच मधी उभं हायती. एकटीचा माझा फोटूच न्हाई." आमच्या जवळच्याच कपूरथला बाजारात जाऊन मी मोठा फोटो छापून आणला. तिनं तो मुलीच्या वहीत, कडा दुमडणार नाहीत असा ठेवला.

त्यानंतर आठ महिने मी कॅमेरा कपाटातून काढला नाही. मग एके दिवशी आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या बाईंनी विचारलं, "साहब, आप फोटो खींचते हैं न? अम्मा का एक खींच देंगे? हमारे पास उनका कोई नहीं है." त्यांची आई नव्वदीच्या घरात होती. मी गेलो. म्हातारीनं तीनदा साडी बदलली. मी फोटो छापून नेऊन दिला आणि घरी येऊन कॅमेऱ्यातला पुसून टाकला, तिनं तसं सांगितलं होतं म्हणून. पुढच्या महिन्यात त्यांच्या वस्तीतल्या आणखी दोघींनी बोलावलं.

आता माझे रविवार असे जातात. ज्यांच्याकडे स्वतःचा एकही फोटो नाही, त्यांचे फोटो काढतो आणि कागदावर छापून त्यांच्याच हातात देतो. ब्लॉग पुन्हा सुरू केला आहे. त्यावर क्वचित एखादा फोटो असतो, तोही त्या माणसाला मजकूर हिंदीत वाचून दाखवून, तो कुठल्या कुठे जाऊ शकतो ते सांगून, आणि दोन दिवस थांबून पुन्हा विचारून टाकलेला. बरेच जण दुसऱ्या वेळी नको म्हणतात. मग नाही टाकत. नागपूरच्या गृहस्थांनी मध्यंतरी कळवलं, हल्ली तुमचे फोटो कुठले आहेत ते समजत नाही.

भीती तशीच आहे. फोटो ब्लॉगवर टाकायचं बटण दाबायच्या आधी मी बायकोला हाक मारतो, ती येऊन पडदा निरखते. पाटी दिसते का, नंबर दिसतो का, मागून कुणी जातंय का. कधी कधी मुलगीही येते. तेरा वर्षांची झाली आहे, केस कापले आहेत. गेल्या रविवारी तिनं एका फोटोत मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "पापा, ये मंदिर तो सब पहचानते हैं." तिचं बरोबर होतं. तो फोटो मी ब्लॉगवर टाकला नाही.